गोमुखीखालचा मोबाइल

या वेळी आपल्या इंदूरच्याच सुदामा नगरहून आलेलं एक पत्र घेतलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, छापणार नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"काकू, नमस्कार. मी ३६ वर्षांचा आहे. आमचं घर मूळचं रामबागेतलं, आता सुदामा नगरला राहतो. आजोबांपासून घरात दत्ताची उपासना आहे. संध्याकाळी करुणात्रिपदी, म्हणजे दत्ताची तीन पदांची प्रार्थना, झाल्याशिवाय आमच्याकडे पानं वाढली जात नाहीत. गुरुवारचा उपास मी मुंज झाल्यापासून करतो. विजय नगरला खासगी कंपनीत नोकरी आहे, बायको शाळेत शिकवते, मुलगी सहा वर्षांची आहे.

२०२१ मध्ये ऑफिसातल्या मित्राचं ऐकून शेअरसाठी डीमॅट खातं उघडलं. आधी शेअर घेतले, मग ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या दिवसापर्यंत भाव कुठे जाईल यावरचा सौदा. पहिल्या दोन महिन्यांत ४० हजार मिळाले, त्यातून देवघरासाठी चांदीचं निरांजन आणलं. पुढे जे सुरू झालं ते आजपर्यंत थांबलेलं नाही. एकूण ६ लाख ४० हजार गेलेत, त्यातले ३ लाख पर्सनल लोनचे. बायकोला माहीत नाही.

पण मी पैशांसाठी लिहीत नाहीये. निफ्टीची एक्सपायरी (ऑप्शनची मुदत संपणं) गुरुवारी असायची आणि माझा उपासही गुरुवारी. सकाळी जपाला बसायचो तेव्हा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, आणि गोमुखीखाली मोबाइल. सव्वानऊ वाजले की माळ चालू ठेवून भाव बघायचो. २०२५च्या सप्टेंबरात निफ्टीची एक्सपायरी मंगळवारी गेली, तेव्हा वाटलं, चला, गुरुवार सुटला. पण तेव्हाच सेन्सेक्सची गुरुवारी आली. मी तीही खेळायला लागलो. एका ट्रेडसाठी खजराण्याच्या गणपतीला जाऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर नवसाचा उलटा स्वस्तिक काढून आलो. तो ट्रेडही गेला. परवा त्रिपदी म्हणताना लक्षात आलं की तोंडाने पदं चालली आहेत आणि आत आकडे चालले आहेत. मला माझीच किळस आली. दत्तमहाराज माझ्यावर रागावलेत का? सात दिवसांच्या पारायणाचा एक सप्ताह करू का? की हे सुटत नाही तोवर देवासमोर बसूच नको? आणि त्या उलट्या स्वस्तिकाचं काय करू?"

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दर वेळी "पण मी पैशांसाठी लिहीत नाहीये" या ओळीशी थांबले. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना तुला गुरुवार गेल्याचं दुःख होतंय, हे वाचून मला फार बरं वाटलं. ज्याचं देवाशी काही उरलेलंच नाही, त्याला ही किळस येत नाही.

आधी सप्ताहाचं सांगते. आत्ता सप्ताह करू नकोस. पारायणाला माझा विरोध असायचं कारण नाही, आमच्या घरातही दत्तजयंतीला सप्ताह व्हायचा. पण आज तू बसलास तर सोवळं पाळशील, हविष्यान्न खाशील, चटईवर झोपशील, सात दिवस एक अक्षर न चुकता वाचशील आणि आठव्या दिवशी सव्वानऊला मोबाइल उघडून बघशील की महाराजांनी काही केलं का. तो सप्ताह म्हणजे तुझा आणखी एक ट्रेड होईल, फक्त या वेळी पैशांऐवजी पारायण लावलेलं असेल. आणि तो ट्रेड गेला तर मात्र तुझं देवावरचं मनच उडेल, याची मला भीती वाटते.

महाराज रागावलेत का, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. खर्च धरून माणशी सरासरी तोटा दोन लाखांच्या आसपास, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. ऑप्शन विकत घेणाऱ्याला नुसती दिशा बरोबर येऊन भागत नाही, वेळही बरोबर यावी लागते. एक्सपायरी जवळ येईल तसा त्याचा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, विरघळत जातो आणि भाव हव्या त्या आकड्यापलीकडे गेला नाही तर साडेतीनला हातात शून्य उरतं. हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. तेव्हा तुझा ट्रेड महाराजांच्या कोपाने गेलेला नाही, शंभरातल्या त्र्याण्णव जणांचा जातो तसाच तुझा गेला. पहिले ४० हजार आले तीही कृपा नव्हती. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे आणि मला तो सगळ्यांत जास्त लागला: लागोपाठ दोन वर्षं तोटा होऊनही पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोक खेळत राहिले. यात अक्कल कमी असण्याचा प्रश्न नाही. शिकलेली, घरंदाज, रोज देवपूजा करणारी माणसं यात आहेत.

आता त्या निरांजनाविषयी. तुझ्या पत्रात ते एका ओळीत येऊन जातं, पण माझ्या मते सगळं तिथून सुरू झालं. पहिल्या नफ्यातून तू देवाला काहीतरी आणलंस. भावना चांगलीच होती, तुझ्या आजोबांनीही पहिल्या पगारातून आणलं असेल. पण पगाराची गोष्ट वेगळी, ही वेगळी. त्या निरांजनाने तू देवाला या व्यवहारात भागीदार करून घेतलंस. नफ्यातला वाटा पोचवला, मग तोट्याच्या वेळी भागीदाराने हात द्यावा ही अपेक्षा आपोआप आली. खजराण्याच्या भिंतीवरचा स्वस्तिक ही त्याच अपेक्षेची पुढची पायरी. मुलं होत नाहीत, आजार हटत नाही, कोर्टात वर्षानुवर्षं खेटे चाललेत अशी माणसं त्या भिंतीशी उभी राहतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, अडल्या जिवाने देवाला हाक मारायची नाही तर कुणाला मारायची? पण तू साडेतीन वाजेपर्यंत निकाल मागायला गेला होतास. गणपती तुझा दलाल झाला होता.

मोह म्हणजे बाहेरून येणारा शत्रू आणि आपण देवघरात बसून त्याच्याशी लढतोय, असं चित्र आपण रंगवतो. तुझ्या बाबतीत तसं झालेलं नाही. मोह देवघरात आला, त्याला तू पाट दिलास आणि तो गोमुखीखाली बसला.

गीतेत तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना एक शब्द येतो, अव्यभिचारिणी भक्ती. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी तोच पुन्हा येतो. लहानपणी आमच्याकडे पंधरावा पाठ करून घेत, तेराव्या-चौदाव्याकडे कुणी फारसं वळत नसे, त्यामुळे हा शब्द मला फार उशिरा भेटला. भेटला तेव्हा दचकायला झालं. भक्तीला लावायला इतका घरगुती आणि इतका उघडा शब्द! पण विचार कर, व्यभिचार करणारा माणूस घर सोडून जातो का? नाही जात. तो वेळेवर घरी येतो, पानावर बसतो, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतो, दिवाळीला बायकोला साडी आणतो, कदाचित नेहमीपेक्षा भारीच आणतो. फक्त जीव कुठे गुंतलाय ते घरात सांगत नाही. तुझी त्रिपदी एक दिवस चुकलेली नाही, उपास मोडलेला नाही, देवघरात चांदीचं निरांजन आलं. बाहेरून बघणाऱ्याला तुझी भक्ती वाढलेलीच दिसेल.

म्हणूनच उपासना वाढवू का, या प्रश्नापाशी मी तुला अडवते आहे. माळा किती झाल्या त्यावरून निष्ठा मोजता येत नाही. सकाळी डोळे उघडल्यावर आज माझं बरं कोण करणार आहे असं तुला मनातून वाटतं, त्यावरून ती मोजायची. गेली चारेक वर्षं तुझं उत्तर सव्वानऊला उघडणारा बाजार हे होतं.

आता थोडं धीराचं. ध्यान तुला येत नाही, असं कृपा करून समजू नकोस. दुसऱ्या अध्यायात "ध्यायतो विषयान्" म्हणून सुरुवात होते आणि पुढे माणूस पायरी पायरीने कसा घसरतो ते सांगितलंय: विषयाचं ध्यान, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, मग संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी. तिथे शब्द ध्यान हाच वापरलाय. म्हणजे देवाचं करतात तेच ध्यान विषयाचंही होतं. सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत त्या लाल-हिरव्या रेघांवर तुझं चित्त जसं लागतं, तहान-भूक विसरून, शेजारच्या माणसाची हाक ऐकू न येता, ते एकाग्र होणंच आहे. ताकद आहे तुझ्यात, ती गहाण पडली आहे. आणि स्मृती जाते म्हणजे काय, ते तू स्वतः लिहिलंयस: तोंडाने पदं चालू आणि आत आकडे.

आमच्या पिढीतले काही जण तुला सांगतील की पैसा वाईट, बाजार वाईट, सोड सगळं. मी तसं सांगणार नाही. तुला घर आहे, मुलगी आहे, हप्ता आहे. आपल्या संतांपैकी कितीतरी जण बाजारात आणि कामात बसलेले होते. तुकोबांच्या घरी वाण्याचं दुकान आणि सावकारी, सावता महाराज मळ्यात, सेना महाराज लोकांच्या दाढ्या करत, नरहरी महाराज तर सोनार, दिवसभर हातात सोनं. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात. दुष्काळात लोक मेटाकुटीला आले होते आणि ते कागद हातात असेपर्यंत माणूस समोर आला तरी आधी येणं आठवणार, हे त्यांना कळलं असावं. प्रपंच त्यांनी सोडला नाही, तो कागद तेवढा सोडला. तुझ्यासाठी तो कागद म्हणजे मोबाइलमधलं ते एक ॲप आहे. म्युच्युअल फंडाची एसआयपी असेल तर चालू दे, त्यात पाप नाही.

माझे वडील सराफ्यात एका पेढीवर मुनीम होते. रात्री पेढ्यांची दारं लागायची आणि त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं मांडली जायची. थंडीत गराडू तळल्याचा वास, कुठे भुट्ट्याच्या किसाची कढई, कुठे जिलबी. वडील सायकल हातात धरून त्या गर्दीतून चालत बाहेर पडायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या सोन्याचा हिशोब आणि घरी येऊन आईशी भाजीच्या दोन रुपयांचा हिशोब. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर पेढीवर बसले होते. लाल कापडी बांधणीची लांबट वही, गादी, उतरती मेजं. पान उलटलं की सगळ्यांत आधी वर मधोमध 'श्री', मग तारीख, मग रकमा. प्रत्येक पानावर. मी विचारलं, "बाबा, एकदा पहिल्या पानावर लिहिलं की झालं, रोज कशाला?" ते म्हणाले, "वर श्री असलं की खाली खोटं लिहिताना हात थबकतो."

मोठेपणी कळलं की आपल्या अहिल्याबाईही असंच काहीसं करत. राज्याच्या आज्ञांवर स्वतःचं नाव न घालता 'श्रीशंकर' लिहीत. १७६७ ते १७९५, अठ्ठावीस वर्षं त्यांनी कारभार पाहिला: फौज, वसुली, तंटे, मुलगा गेलेला, नवरा आणि सासरा आधीच गेलेले. मोह आणि दुःख दोन्ही वाड्याच्या दारात रोज उभी असणार. पण हुकूम कुणाच्या नावाने निघतोय ते प्रत्येक कागदावर लिहिलेलं होतं.

तर तुला करायचं पहिलं काम हे. एक वही आण, साधी, रेघांची. मोबाइलमधली एक्सेल शीट चालणार नाही, हाताने लिहायचं. वर मधोमध श्री लिही. खाली २०२१ पासूनचा सगळा हिशोब: किती टाकले, किती गेले, लोन कोणत्या तारखेचं, हप्ता किती, क्रेडिट कार्डावर काही आहे का, मित्राकडून घेतलेत का, मुलीच्या नावाचे मोडलेत का. नफ्याचे ४० हजारही लिही. लिहिताना मधेच थांबून दत्ताच्या तसबिरीकडे बघावंसं वाटलं तर बघ. ती वही एक रात्र देवासमोर ठेव. काही मागू नकोस.

दुसऱ्या दिवशी ती बायकोच्या हातात दे.

इथे तू कचरशील हे मला माहीत आहे. पण देवाशी एकनिष्ठ राहायचंय असं तू म्हणतोस आणि ज्या बाईशी अग्नीसमोर "नातिचरामि" म्हणालास तिच्यापासून ३ लाखांचं कर्ज लपवून ठेवतोस, हे दोन्ही एका घरात राहू शकत नाही. ती शिक्षिका आहे, तिला हिशोब कळतो. चिडेल, रडेल, दोन-चार दिवस बोलणार नाही. तेवढा तिचा हक्क आहे. तू त्या वेळी "तुमच्यासाठीच करत होतो" हे वाक्य उच्चारू नकोस. ते खरं नाही आणि ते तिला तुझ्या तोट्यापेक्षा जास्त लागेल. मुलगी झोपल्यावर सांग, सासरच्यांसमोर किंवा सणाच्या दिवशी नको.

व्यवहाराचं बाकी थोडक्यात. ब्रोकरकडे अर्ज करून फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग बंद करून घे, नुसतं ॲप काढून टाकलंस तर पाच मिनिटांत परत येतं. टिप्स देणारे सगळे ग्रुप सोड. आपल्या शहरात सल्ले विकणाऱ्यांचे फोन कसे येतात ते तुला सांगायला नको, एकही उचलू नकोस. लोन फेडायला दुसरं लोन काढू नकोस, हप्ता पगारातूनच जाऊ दे, लागतील तेवढी वर्षं लागू देत. ते चांदीचं निरांजन मोडायचं की ठेवायचं, हे बायकोला ठरवू दे. आणि सोडल्यावर झोप लागेनाशी झाली, हात सारखा खिशाकडे जाऊ लागला, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ या सरकारच्या टेलिमानस (मानसिक आरोग्य मदत) क्रमांकावर फोन कर. याला व्यसन म्हणतात, त्यावर उपचार असतात आणि डॉक्टरकडे गेल्याने श्रद्धा कमी होत नाही.

आता माझं सांगते. तुला उपदेश करते आहे तर हे लपवणं बरं नाही.

माझ्या यजमानांचं मूत्रपिंडाचं दुखणं अकरा महिने चाललं. त्या अकरा महिन्यांत मी काय काय केलं असेल! कुणी म्हणालं अकरा मंगळवार, केले. कुणी खडा सांगितला, उसने पैसे काढून घेतला. एका गावी कुणी अंगारा देतात म्हणून रात्रभर बसने गेले आणि त्या दिवशी डायलिसिसला यांच्याजवळ शेजारची मुलगी बसली. घरच्या देवघरात सासूबाईंच्या हातची बाळकृष्णाची मूर्ती, तिला त्या काळात आठ-आठ दिवस पाणी मिळालं नाही. मी देवाच्याच मागे धावतेय असं मला वाटायचं. खरं तर जो कुणी "होईल" म्हणेल त्याच्या मागे मी धावत होते. हे गेले. त्यानंतर दीड महिना मी देवघराकडे फिरकले नाही. एका संध्याकाळी दिवे गेले होते, मेणबत्ती सापडेना, म्हणून समई लावली आणि तिच्यासमोर बसले. मागायला काही उरलंच नव्हतं. किती वेळ बसले ठाऊक नाही. वीज आली तरी उठले नाही. इतक्या वर्षांत त्याच्याकडे नुसती त्याच्यासाठी बसल्याची ती माझी पहिली वेळ होती, आणि मी तेव्हा ५४ वर्षांची होते.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला, हे सुटत नाही तोवर देवासमोर बसूच नको का, याला माझं उत्तर अगदी ठाम आहे. बस. रोज बस. लाजेने देवघर टाळणं हीच सगळ्यांत मोठी फारकत आहे, ती मी दीड महिना भोगली आहे. तू रामबागेत वाढलेला मुलगा आहेस. खेळून चिखलाने माखून आलास म्हणून आईने तुला कधी रात्रभर अंगणात ठेवलं का? ओरडली असेल, मोरीत उभं करून तांब्याने पाणी ओतलं असेल, पण घरात घेतलंच ना?

मात्र जपाला बसताना एक भेद नीट समजून घे. जपात मन भटकणं आणि मनाला भटकायला वाहन जवळ ठेवणं, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मन भटकतं हे अर्जुनानेही सांगितलं, वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे म्हणाला. कृष्णाने ते नाकारलं नाही. अभ्यासाने आणि वैराग्याने आवरता येतं, एवढंच म्हणाला. आणि त्याच्या थोडं आधी सांगून ठेवलंय की ते जिथे जिथे जाईल तिथून तिथून परत आणावं. किती वेळा, ते सांगितलेलं नाही. तेव्हा माळेच्या १०८ मण्यांत तुझं मन ९० वेळा निफ्टीवर गेलं तर ९० वेळा परत आण, त्या ९० वेळांची लाज वाटून घेऊ नकोस. पण मोबाइल त्या खोलीत नको. स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, बंद करून. जप सकाळी सातच्या आत उरकून घे, बाजार उघडायला दोन तास असताना. आणि संध्याकाळची त्रिपदी एकट्याने म्हणू नकोस. बायको, आई, मुलगी जवळ असू दे आणि तू मोठ्याने म्हण. आत आकडे सुरू झाले की तुझा आवाज ढिला पडेल, आणि सहा वर्षांची मुलगी लगेच तुझ्या तोंडाकडे बघेल. लहान मुलांना ते कळतं.

गुरुवारचं म्हणशील तर पहिले काही गुरुवार अवघड जातील, विशेषतः दुपारी दोन ते साडेतीन. जमत असेल तर एका गुरुवारी रजा टाक आणि दोघं महेश्वरला जाऊन या. इथून नव्वदेक किलोमीटर, पहाटे निघालात तर सकाळी घाटावर असाल. किल्ल्यात अहिल्याबाईंच्या देवघराजवळ सकाळी लिंगार्चन होतं. ब्राह्मण काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी लिंगं करतात, प्रत्येकात तांदळाचा एक दाणा, पाटांवर ओळीने मांडत जातात. अशी हजारो. पूजा होते आणि सगळी नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळायची. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा एक म्हातारे गुरुजी करत होते, त्यांची बोटं इतकी सरावलेली की ते बघतही नव्हते, पण एकही दाणा सुटत नव्हता. तिथे बस आणि बघ. फोन गाडीत ठेव.

पुन्हा पाय घसरेल का? घसरेल, असं धरूनच चाल. कुणीतरी कॅन्टीनमध्ये आज किती कमावले ते सांगेल, तुझा हात शिवशिवेल, कदाचित एखाद्या दिवशी दुसऱ्याच्या मोबाइलवरून खेळशीलही. त्या रात्री वहीत श्रीखाली ती रक्कम लिही, बायकोला दाखव आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी जपाला बस. त्यासाठी जास्तीच्या माळा नकोत, उपासही नको.

राहिला उलटा स्वस्तिक. त्याची धास्ती घेऊ नकोस, तो तुझ्या मागे लागणार नाही. नवस पुरा झाला की लोक तिथे जाऊन सुलटा काढतात. तुझा पुरा झालेला नाही, तेव्हा सुलटा काढायचा प्रश्नच येत नाही. बायकोला सांगून झालं की तिला घेऊन एखाद्या बुधवारी गर्दी ओसरल्यावर जा. भिंतीकडे नको, समोर गाभाऱ्याशी उभा राहा आणि मनात एवढंच म्हण, "मी मागितलं होतं ते परत घेतलं." मोदक न्यायचे असतील तर ने, नाहीतर हात जोडूनच ये.

तिला सांगितलंस की मला दोन ओळी लिहून कळव. रक्कम लिहू नकोस, सांगितलं एवढंच लिही.